जळलेला मसाला आणि डावा डोळा

माझा गोडा मसाला जळला होता, आणि ही गोष्ट मी सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

देवासमध्ये आमची मराठी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. इथल्या किराणा दुकानात गरम मसाला मिळतो, छोल्यांचा मिळतो, पण गोडा मसाला मागितला की दुकानदार आपल्याकडेच बघत राहतो. म्हणून दर उन्हाळ्यात मी मसाला करते आणि डबे भरून सगळ्यांकडे पाठवते. एक डबा धारला जातो, माझ्या धाकट्या बहिणीकडे, मंगलकडे. धार आमचं माहेर. लग्न होऊन देवासला आले तेव्हापासून हा शिरस्ता आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, उगाच कशाला लपवू?

हा मसाला डोळ्यांनी भाजता येत नाही, नाकानंच भाजावा लागतो. दगडफूल भाजण्याआधी काळं असतं आणि भाजल्यावरही काळंच असतं. खोबरं करपायला लागलं हे रंगावरून कळेपर्यंत कढई खाली उतरवायची वेळ टळून गेलेली असते. त्या वर्षी मी खोबरं परतत उभी होते आणि वास सुटण्याची वाट पाहत होते. तो काही सुटेना. खोबरं जुनं असेल असं समजून मी आणखी परतलं.

डबे पोचले तसे फोन आले. "छान झालाय हो मसाला, वहिनी." "नेहमीसारखाच, त्यात काय विचारायचं!" मंगलनं तर त्यातली भरली वांगी करून फोटो पाठवला. मी खूश होते.

हे लिहिते आहे ते संधिवाताची औषधं घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरातल्यांसाठी. आजाराची शास्त्रीय माहिती डॉक्टर देतील. माझ्यावर काय गुदरलं एवढंच मी सांगणार आहे.

हात

मला सांधे आखडण्याचा आजार आहे, तोही चांगला मुरलेला. सकाळी बोटं मिटायची नाहीत आणि मिटली तर उघडायची नाहीत. वेणी घालायला, पिशवीची गाठ सोडायला, गॅसचं बटण फिरवायलासुद्धा कुणीतरी लागायचं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी होती, रोजची बारीकशी स्टेरॉइडची होती, आणि तरी हात वाकडे होतच चालले होते. मग इंदूरच्या डॉक्टरांनी एक नवीन औषध जोडून दिलं. ते म्हणाले, "हे तुमच्या शरीराची भांडखोर फौज शांत करेल. पण तीच फौज बाहेरच्या शत्रूशीही लढते. ताप आला, सर्दी-खोकला रेंगाळला, तर घरी बसायचं नाही. लगेच फोन करायचा."

मी मान डोलावली. त्यातलं 'ताप' तेवढं माझ्या लक्षात राहिलं.

औषध लागू पडलं आणि बोटं सुटली. ज्यांना हा आजार नाही त्यांना हे काय असतं ते सांगून कळायचं नाही. मी सकाळी उठून स्वतःची वेणी घातली आणि आरशासमोर बसून रडले. मग अंगात आल्यासारखी कामाला लागले. उन्हाळी वाळवणं केली, पडदे धुतले, आणि त्या वर्षीचा मसाला कुणाचीही मदत न घेता एकटीनं केला.

त्याच सुमारास डावी नाकपुडी बंद पडली. गव्हाचा हंगाम होता. आमच्या माळव्यात त्या दिवसांत गावभर भुसा उडत असतो आणि निम्मं गाव शिंकत असतं. वरच्या दाढा दुखत होत्या म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेले; ते म्हणाले, दात ठीक आहेत. मग गल्लीतल्या डॉक्टरांनी सर्दीच्या गोळ्या दिल्या आणि वाफ घ्यायला सांगितली. तोंडाला चव नव्हती, पण आठवड्याची गोळी घेतली की चव जातेच. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं, आणि ताप तर नव्हताच.

वास

रचना आमची सून. माहेर देवासजवळच्या पीपलरावां गावचं, शेतीवाल्यांचं. ती आणि आमचा निखिल कॉलेजात भेटले. मराठी तिला समजते सगळी, बोलते मात्र हिंदी, आणि चिडली की माळवी. आमचं जमत नव्हतं असं नाही, पण आमच्यात एक अंतर होतं. ती मला 'मम्मीजी' म्हणायची आणि मी तिला स्वयंपाकघरात उभी राहू द्यायची, एवढाच काय तो करार.

मसाला केला तेव्हा ती माहेरी लग्नाला गेली होती. परतल्यावर पहिल्याच दिवशी तिनं माझ्या पद्धतीची आमटी केली. चव घेतली, पळी खाली ठेवली आणि माझ्याकडे आली.

"मम्मीजी, मसाला जल गया है."

"काय?"

"जला हुआ है. कड़वा लग रहा है."

माझा पारा चढला. मी म्हणाले, "तुमच्या पीपलरावांत गोडा मसाला बघितला तरी होतास का कधी? एवढ्या घरांत गेला, कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तू मला शिकवणार?"

ती रडेल किंवा पाय आपटत निघून जाईल असं मला वाटलं. ती आत गेली आणि डबाच घेऊन आली. झाकण काढून माझ्या नाकाखाली धरला. "सूंघिए."

मी वास घेतला, पण करपटही नाही आणि खमंगही नाही, मला काहीच वास आला नाही.

तिनं हिंगाची डबी आणली. काही नाही. देवघरातला कापूर आणून बोटांत चुरला. काही नाही. मी तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्या चेहऱ्याकडे. मग तिनं कधी केलं नव्हतं ते केलं, दोन्ही हातांनी माझे गाल धरले.

"दोनों तरफ एक जैसा लग रहा है?"

लागत नव्हतं. उजव्या गालावर तिची बोटं होती आणि डाव्या गालावर जणू जाड गोधडीच्या आडून कुणी हात लावत होतं. मला हे सकाळी तोंड धुतानाही जाणवलं असणार, पण मनावर घेतलं नव्हतं.

"पलक भी झुकी है," ती हळूच म्हणाली. डावी पापणी. तिचा आवाज बदलला होता. तिच्या काकूचा एक डोळा कोरोनाच्या दिवसांत काळ्या बुरशीनं गेला होता. आम्हांला माहीत होतं ते. पण ती कोरोनाची गोष्ट, साखरेच्या आजाऱ्यांची गोष्ट. मला ना कोरोना झाला होता, ना साखर होती.

"चाची को भी पहले गाल ही सुन्न हुआ था," रचना म्हणाली. "मम्मीजी, अभी इंदौर चलते हैं."

दुर्बीण

आमचे हे वीज मंडळातून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे. त्यांनी आधी ताप मोजला. नव्हता. "ताप नाही, मग घाई काय? एवढ्या धूपात कुठे जायचं? उद्या सकाळी आरामात जाऊ या ना." निखिल पीथमपूरच्या कारखान्यात पाळीवर होता, फोन उचलत नव्हता. रचनानं गाडीची किल्ली घेतली. ती नुकतीच गाडी शिकलेली, देवासच्या बाहेर कधी चालवली नव्हती. हे मागे बसले आणि पूर्ण रस्ताभर पुढच्या सीटला घट्ट धरून होते. मी रचनाशी बोलत नव्हते, मला अजून रागच होता. पण एक ट्रक अंगावर आल्यासारखा बाजूनं गेला आणि मी पाहिलं, तिच्या हनुवटीवरून घाम ओघळत होता आणि ती पुसत नव्हती, कारण स्टिअरिंगवरचा हात काढायची तिची हिंमत नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

रुग्णालयाच्या फाटकावर गाडी लावू देईनात. तिनं काच खाली केली. "भिया, आंख का मामला है, लगने दो!" लावू दिली.

माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांनी गालाला कापूस लावून पाहिला आणि आम्हांला लगेच कान-नाक-घशाच्या विभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, बोलक्या. नाकात बारीक दुर्बीण सरकवताना त्या मला मांडूच्या सहलीबद्दल सांगत होत्या. मग वाक्य अर्धवट राहिलं. पडद्यावर काय दिसत होतं ते मला दिसत नव्हतं, त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांना हाक मारली, दोघांनी मिळून पाहिलं, आणि मग नर्सला म्हणाल्या की यांना परत घरी पाठवायचं नाहीये.

निदानाचा दिवस म्हणजे मला तो क्षण आठवतो, अर्ध्यावर राहिलेली मांडूची सहल.

नाकातला तुकडा तपासायला गेला, डोक्याचा फोटो निघाला. बुरशी होती. सायनसच्या पोकळीत बसून ती हाड खात खात डोळ्याच्या काठापर्यंत आली होती. हवेत, मातीत, भुशात सगळीकडे असते म्हणे. धडधाकट माणसाची फौज तिला नाकातच गारद करते. माझी फौज तर आम्ही शांत करून ठेवलेली.

"आधी का नाही आलात?" असं कुणीही विचारलं नाही, ही त्या दिवसाची एक मेहरबानी. डॉक्टर समोर बसून म्हणाल्या की आजच ऑपरेशन करायचं, जेवढं कुजलं आहे ते सगळं काढायचं. डोळा वाचवायचा पुरेपूर प्रयत्न करू. पण आत गेल्यावर दिसलं की बुरशी पुढे सरकली आहे, तर जीव वाचवायला डोळा काढावा लागेल, आणि त्यालाही संमती आत्ताच हवी.

यांच्या हातात पेन दिलं. हे कागद उलटेपालटे करत राहिले, सही करेनात. मी म्हणाले, "इकडे द्या." नव्या औषधानं सरळ झालेल्या माझ्या बोटांनी मी ठळक अक्षरांत सही केली, डोळ्यासकट सगळ्यावर. रचना भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मंगल

शुद्धीवर आले तेव्हा पहिला हात डाव्या डोळ्याकडे गेला. पट्टी होती. पट्टीखाली डोळा होता. निखिल रडत होता आणि हसत होता. "आई, आहे. डोळा आहे."

पण डॉक्टरांनी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, की लढाई संपलेली नाही. दिसलं तेवढं काढलं आहे, न दिसलेलं असू शकतं.

दोन-तीन दिवसांनी धारहून मंगल आली. माझं सुजलेलं तोंड पाहिलं आणि तिला हुंदकाच फुटला. मी तिला धीर देते आहे, आणि ती मधेच म्हणाली, "जिजी, मला ठाऊक होतं गं. मसाला जळका होता. झाकण उघडल्याबरोबर वास आला होता. पण तू नाराज होशील म्हणून मी चुप्प राहिली."

"आणि ती भरली वांगी?"

"बाजारचा गरम मसाला घातला त्यात."

हळूहळू सगळंच बाहेर आलं. कुणी माझा मसाला चमचाभर बाजारच्या मसाल्यात मिसळून संपवत होतं, कुणी डबा तसाच मागे सारला होता. माझ्याबद्दलच्या प्रेमापोटी आणि माझ्या जिभेच्या धाकापोटी एकजात सगळ्यांनी मला 'छान' म्हणून सांगितलं. आमच्या घरांमध्ये हीच रीत आहे. परमुलखात राहिलेली चार घरं, एकमेकांना दुखवायचं नाही. आमच्या ह्यांनीही रोज ती आमटी मुकाट्यानं खाल्ली होती.

मला संताप आला. टाके दुखत होते तरी मी बोलले. "मंगल, मी कधी मसाला जाळलाय का आजपर्यंत? मग तुला एकदाही वाटलं नाही, की जिजीला झालंय तरी काय?"

ती माझे पाय चेपत बसली. मीही पाय ओढून घेतले नाहीत. राग होता, पण तिच्याशिवाय करमणारही नव्हतं, आता यावर काय करणार?

पिवळी बाटली

बुरशीवरचं औषध पिवळ्या रंगाचं. उजेड चालत नाही म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळलेला. ती लावली की थोड्या वेळानं थंडी भरायची, दात वाजायचे, पलंग हलायचा. नर्स आणि रचना दोघी मिळून मला दाबून धरायच्या. सकाळ-संध्याकाळ रक्त घ्यायचे, कारण हे औषध मूत्रपिंडांना जड जातं. शिरा सापडेनाशा झाल्या.

आणि नवीन औषध बंद केलं होतं. करावंच लागणार होतं, फौज परत उभी करायची होती ना. ती उभी राहिली आणि पहिला हल्ला तिनं माझ्या हातांवर केला. मनगटं सुजली, बोटं परत आखडली. चमचा धरता येईना. ओढणी डोक्यावरून सरकली तर वर घेता येईना. कितीतरी वर्षांनी मिळालेले हात परत गेले. डोळा ठेवायचा तर हात द्यायचे, असा तो सौदा होता.

आमचे हे म्हणायचे, "ते नवीन औषधच नडलं. आता परत नाही घ्यायचं. धारला एक वैद्य आहेत, त्यांना दाखवू." त्यावर रचना थेट उत्तर द्यायची, "पापाजी, उसी दवाई ने हाथ भी दिए थे. गलती दवाई की नहीं, देर की है." सासऱ्याशी असं बोललेलं आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. निखिल तिला बाहेर घेऊन गेला, दोघांचे आवाज दारातून येत होते. तिची शाळेतली नोकरी होती, रजा संपत आली होती, घर तसंच टाकून आली होती. मी पलंगावर पडून ऐकत होते आणि माझ्यामुळे हे चाललंय याची लाज वाटत होती. मी कुणाच्या बाजूनं बोलू तेच कळेना.

लाल

डोळ्याची परीक्षा रोज सकाळी व्हायची. एक शिकाऊ डॉक्टर यायचे, माझा उजवा डोळा झाकायचे, बोटं मोजायला लावायचे, आणि मग पेनाचं लाल टोपण समोर धरायचे. "लाल आहे? दोन्ही डोळ्यांना सारखं लाल?" डोळ्याच्या नसेला धक्का लागला तर आधी लाल रंग फिका पडतो, असं त्यांनी रचनाला समजावलं होतं. तिनं ते मनात पक्कं धरलं. तिच्या हातात लग्नातल्या लाखेच्या लाल बांगड्या असायच्या. डॉक्टर गेले तरी ती दिवसातून कितीदा हात पुढे करायची. "मम्मीजी, लाल?" मी एक डोळा झाकायची. "लाल." मला कंटाळा यायचा, पण तिला नाही.

मग एका दुपारी तिनं हात पुढे केला. मी उजवा डोळा झाकला, आणि बांगड्या लाल नव्हत्या. जुन्या विटेसारख्या मळकट दिसत होत्या. उजव्यानं पाहिलं तर लालभडक. परत डाव्यानं पाहिलं. वीट.

"लाल?" तिनं विचारलं.

माझ्या तोंडात 'हो' तयार होतं. अगदी ओठांवर. खोलीत सगळे होते. आदल्या दिवशीच भांडण झालं होतं, आज कुठे जरा घर शांत होतं. हे वर्तमानपत्र वाचत होते, निखिलनं कामावर परत जायचं ठरवलं होतं, मंगल संत्रं सोलत होती. 'फिका' म्हटलं की परत ते टेबल, परत ती संमती, आणि या वेळी कदाचित डोळा जाईलच. आणि समजा मला भास होत असला तर? उगाच सगळ्यांना कशाला घोर? सकाळी डॉक्टर येतीलच की.

तेव्हा मंगलकडे लक्ष गेलं. संत्र्याची फोड पुढे करून ती माझ्याकडे पाहून हसली, आणि मला तिचा फोटो आठवला, भरल्या वांग्यांचा. 'छान झालाय' म्हणणारे सगळे आवाज आठवले. आता मी तेच करायला निघाले होते, तेही माझ्याच डोळ्याशी.

रचनानं हात खाली घेतला नव्हता. "सच बोलिए, मम्मीजी."

"फिका आहे," मी म्हणाले. "लाल नाही दिसत, रचना."

ती बांगड्या वाजवत दाराबाहेर धावली.

परत फोटो, परत ऑपरेशन. बुरशीचा एक लहानसा कप्पा राहून गेला होता आणि तो नसेला दाबत होता. तोही साफ केला. डॉक्टर नंतर म्हणाल्या की तुम्ही सकाळपर्यंत थांबला असतात तर मला वेगळं काही सांगावं लागलं असतं. त्या एवढंच बोलल्या. मी त्यांना मांडूच्या सहलीचं पुढे काय झालं ते विचारलं. त्यांना आधी कळेना, मग आठवलं आणि त्या हसल्या. गाडी बंद पडली होती म्हणे घाटात.

घरी

घरी आले ती गोळ्यांची पिशवी घेऊन. बुरशीची गोळी पुष्कळ महिने चालली. संधिवातासाठी डॉक्टरांनी जपून, एकेक करून औषधं परत सुरू केली. पूर्वीइतके हात काही सुटले नाहीत. पाणी पिताना मी पेला दोन्ही हातांनी धरते. डाव्या डोळ्याची पापणी जराशी खाली असते, त्यामुळे फोटोत मी कायम कुणाचा तरी संशय घेतल्यासारखी दिसते. पण डोळा आहे आणि त्याला दिसतं. वास मात्र परत आला नाही. येईल की नाही, सांगता येत नाही.

तुमच्या घरात अशी औषधं कुणी घेत असेल, तर त्यांना विचारत जा. एकाच बाजूचं नाक बंद आहे का, गाल बधिर वाटतो का, दातांत काही दोष नसताना दाढ दुखते का, वास गेला का. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, ही औषधं तापालाही गप्प बसवतात. आणि घाबरून औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका, तसं केलं तर अंगाशी येतं. फोन करा. आणि तुमच्या घरातली स्वयंपाकात मुरलेली बाई एक दिवस फोडणी जाळायला लागली, तर कौतुक करत ती भाजी खाऊ नका. तिला सांगा. ती चिडेल. चिडू द्या.

या उन्हाळ्यात मसाल्याची वेळ आली. धुरळा, कुबट वास, जुनी पोती यांपासून मला लांब राहायला सांगितलं आहे, त्यामुळे तोंडाला मास्क लावून मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. भाजायला रचना. नाकानं करायची गोष्ट, शिकवणारीला नाक नाही आणि हातही नाहीत. ती विचारायची, "बस?" आणि मला सांगता यायचं नाही. मी म्हणायची, "तुला काय वाटतं?" तिला ते आवडायचं नाही. मलाही नाही.

डबे गेले. या वेळी प्रत्येकीला मी फोन करून बजावलं होतं, की खरं सांगायचं, माझी शपथ आहे. सगळ्यांत आधी मंगलचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"जिजी, खरं सांगू?"

"सांग."

"थोडा कच्चा राहिलाय गं. खोबरं अजून भाजायला हवं होतं."

रचनाचा चेहरा पडला. माझं म्हणाल तर सवयीनं मी उसळलेच. "अगं, पहिल्यांदा केलाय पोरीनं! तुला तरी जमतो का?" पलीकडे मंगल मोठ्यानं हसली, मग मीही हसले, आणि शेवटी रचनाही.

दुसऱ्या दिवशी उरलेलं खोबरं परत कढईत पडलं. मी दाराबाहेर बसले. रचना परतत होती, धूर वर चढत होता, आणि उलथणं फिरवता फिरवता तिनं डावा हात दाराकडे लांब केला. बांगड्या त्याच, लाखेच्या. रोजचंच झालंय हे आता.

"मम्मीजी, लाल?"

मी वाकड्या बोटांनी उजवा डोळा झाकला आणि धुरातून नीट पाहिलं.

"लाल. आणि खोबरं? उतरवायचं?"

तिनं कढईवर वाकून मोठा श्वास घेतला.

"अभी नहीं," ती म्हणाली, आणि मी खुर्चीला पाठ टेकवली.